गाण्याच्या शहरात चार दिवस

बल्लारपूरच्या माणसाला मद्रास लांब नाही. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या ग्रँड ट्रंक आणि तामिळनाडू या दोन्ही एक्सप्रेस गाड्या आपल्या स्टेशनात थांबतात. गावाचे नाव बल्लारपूर, स्टेशनाचे बल्लारशाह. १९२९ साली इथून काझीपेठपर्यंतचा मार्ग पुरा झाला आणि उत्तरेची रेल्वे दक्षिणेच्या रेल्वेला मिळाली. तेव्हापासून आपण दक्षिणेच्या दारात राहतो. पेपर मिल, कोळशाच्या खाणी आणि सागवानाचा डेपो यांमुळे गावात मराठी, हिंदी, तेलुगू अशा तिन्ही भाषा कानावर पडतात. तरीही आपल्या लोकांचा प्रवास पाहिला तर तो बहुतेक नागपूरच्याच दिशेने होतो. मोठा दवाखाना नागपूरला, कोर्ट नागपूरला, मुलांचे कॉलेज नागपूरला. दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या गाडीत नुसते पाहायला-ऐकायला म्हणून घरादारासह बसणारे थोडेच.

आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तसे बसलो. बाबा, आई, आम्ही दोघे नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा, असे सहा जण. बाबा पेपर मिलमधून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. आई त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिला गाण्याची आवड आणि आवाजही गोड. भीमजयंतीला वस्तीतल्या बायका अजून तिलाच पुढे करतात. मुलीने शाळेत वाचले होते की चेन्नईला २०१७ साली युनेस्कोने संगीताच्या शहरांच्या यादीत घेतले. तिनेच हट्ट धरला. म्हणाली, आजीला आणि आबाजीला एकदा ते शहर दाखवायचे.

गाडीतला दिवस

दुपारी गाडी हलली. थोड्याच वेळात वर्धा नदी ओलांडली. पुढे महाराष्ट्राची हद्द संपते आणि सिरपूर कागजनगर लागते. नावातच कागद आहे. तिथेही आपल्यासारखी पेपर मिल. बाबांनी खिडकीला तोंड लावून धुराडे शोधले आणि मुलांना बांबूपासून लगदा कसा करतात, तो कसा धुतात, रोलवर कागद कसा वाळतो, हे समजावून सांगितले. आयुष्यभर ज्या यंत्रासमोर उभे राहिले त्याविषयी बाबा घरात कधी इतके बोलले नव्हते. प्रवासाचा हा एक फायदा. घरात बोलायला वेळ नसतो, गाडीत बोलण्याशिवाय दुसरे काम नसते.

मंचेरियालच्या पुढे गोदावरी लागली. अंधार पडता पडता वरंगल आले. ज्वारीच्या भाकरी, झुणका आणि लसणाची चटणी बाहेर निघाली. समोरच्या बाकावरच्या तेलुगू बाईने लिंबाचे लोणचे दिले, आईने तिला भाकरी दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तिखट जास्त आहे की कमी, हे सांगायला भाषा लागत नाही. रात्री विजयवाड्याला कृष्णा ओलांडली तेव्हा मुले झोपली होती. याच नदीच्या काठी, विजयवाड्याच्या वरच्या अंगाला, अमरावतीचा प्राचीन स्तूप होता. त्याचे दगड आम्हाला पुढे चेन्नईत भेटायचे होते.

सुमारे नऊशे किलोमीटरचा प्रवास करून सकाळी उजाडताना आम्ही चेन्नई सेंट्रलला उतरलो. १९९६ साली शहराचे सरकारी नाव चेन्नई झाले, पण बाबांच्या तोंडी अजून मद्रासच आहे.

सभा म्हणजे काय?

या शहरात 'सभा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते तशी भाषणाची सभा समजू नये. गाण्याच्या मैफली भरवणाऱ्या संस्थेला इथे सभा म्हणतात. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकॅडमी उभी राहिली. पुढे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत शहरभर मैफली करण्याची रीतच पडली. तमिळ लोक या महिन्याला मार्गळी म्हणतात. अनेक सभा, प्रत्येकीत दिवसाला तीन-चार मैफली, आणि बाहेर डोसा-कॉफीचे उपाहारगृह. काही लोक गाण्याला जास्त येतात की खाण्याला, असा तिथल्या लोकांचाच विनोद आहे.

सामान्य कुटुंबाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. संध्याकाळी नामवंतांचे गाणे असते, त्याला तिकीट पडते. सकाळी आणि दुपारी उमेदीचे तरुण कलावंत गातात, त्यांपैकी कित्येक मैफली मोफत असतात. आम्ही तशाच एका दुपारच्या मैफलीला गेलो. दारावर कोणी अडवले नाही. आई लुगडे सावरून मधल्या रांगेत बसली.

गाणारी विशी-पंचविशीतली मुलगी होती. साथीला व्हायोलिन, मृदंगम आणि घटम, म्हणजे चक्क मातीचे मडके. मडक्यातून इतके बोल निघतात हे पाहून मुलगा खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी त्याचा हात धरून त्याला आदि ताल शिकवला. आधी एक टाळी, मग करंगळीपासून एकेक करून तीन बोटे, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. अशा झाल्या आठ मात्रा. दहा मिनिटांत मुलाला ते जमले. सगळ्या सभागृहात लोक मांडीवर असाच ताल मोजत होते. गाणे ऐकणाऱ्यालाही काम असते, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

शेवटी शेवटी गाणारीने मराठी अभंग घेतला. कर्नाटक संगीताच्या मैफलीत मुख्य राग झाल्यावर हलकी पदे गातात, त्यांत अभंगही असतात. याला जुने कारण आहे. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. मराठी कीर्तन तिकडे गेले आणि तमिळ हरिकथेत मिसळले. आईने पहिल्याच ओळीला आमचा हात दाबला. तिच्या लहानपणी, धर्मांतराच्या आधी, गावातल्या देवळात हे अभंग चालत आणि ती आजीबरोबर पायरीच्या खाली उभी राहून ऐके. आत जाण्याची परवानगी नव्हती. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "शब्द सगळे पाठ हायेत मले. पर बसून ऐकलं आज पहिल्यांदा."

बाबांचे लक्ष मात्र गाण्यापेक्षा मृदंगमकडे होते. तालवाद्यांची जुगलबंदी संपल्यावर त्यांनी विचारले, "याचं कातडं कोण चढवते बाप्पा?"

प्रश्न बरोबर ठिकाणी पडला होता. मृदंगम फणसाच्या लाकडाचे करतात आणि त्याच्या दोन तोंडांना गाय, म्हैस, शेळी यांची कातडी थरांनी चढवतात. उजव्या तोंडाला काळी शाई असते, डाव्याला वाजवण्यापूर्वी भिजवलेल्या रव्याचा गोळा लावतात. वाजवणारा व्यासपीठावर बसतो, पुरस्कार घेतो. कातडी निवडणारा, भिजवणारा, कापणारा, ताणणारा, कानाने सूर लावून देणारा माणूस व्यासपीठावर दिसत नाही. चेन्नईचेच गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहून या मृदंगम करणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी मांडली. त्यांतले पुष्कळ जण दलित ख्रिस्ती आहेत. पालघाट मणी अय्यर यांचे नाव संगीत जाणणारा प्रत्येक जण घेतो, पण त्यांचे वाद्य घडवणारे परलांडू यांचे नाव या पुस्तकापूर्वी किती लोकांना माहीत होते? आम्ही बाबांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

एग्मोरचे दगड

दुसऱ्या दिवशी एग्मोरचे सरकारी संग्रहालय पाहिले. ते १८५१ साली सुरू झाले. बौद्ध कुटुंबाने चेन्नईला जाऊन हे पाहिल्याशिवाय परत येऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. अमरावतीच्या स्तूपाची पांढरट, नाजूक कोरीव दगडी शिल्पे इथे आहेत. सातवाहनांच्या काळात या स्तूपाचे वैभव कळसाला पोचले होते. ते सातवाहन म्हणजे आपल्याच पैठणचे. १८४५ साली वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदकाम करून शिल्पे मद्रासला आणली. त्यांतली पुष्कळ पुढे लंडनला गेली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काही एग्मोरला राहिली.

नलगिरी हत्तीचे गोल शिल्प पाहून मुले थबकली. देवदत्ताच्या कारस्थानाने राजगृहाच्या रस्त्यावर माजलेला हत्ती सोडलेला, एका बाजूला लोक जीव घेऊन पळताहेत, खिडक्यांतून बायका वाकून पाहताहेत, आणि दुसऱ्या बाजूला तोच हत्ती तथागतांसमोर गुडघे टेकून बसला आहे. एकाच दगडात आधीचे आणि नंतरचे दोन्ही प्रसंग. आईने नातवंडांना ही कथा तिथेच उभी राहून सांगितली. घरी ती विहारात ऐकलेली म्हणून सांगते, इथे बोट ठेवून सांगितली. भगवंताचे भिक्षापात्र वर नेताना आनंदाने नाचणारे देव कोरलेलेही एक शिल्प आहे. मुलगी म्हणाली, "आजी, म्हणजे तेव्हापण मिरवणूक होती!"

या शहराचे आणि धम्माचे नाते दगडांपुरते नाही. पंडित अयोध्यादास, म्हणजे तमिळ उच्चारात अयोत्ती दास (१८४५-१९१४), हे इथले सिद्ध वैद्य. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधी, १८९८ साली, ते कर्नल ऑल्कॉट यांच्या साहाय्याने श्रीलंकेला गेले, बौद्ध झाले आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. ज्यांना लोक अस्पृश्य म्हणतात ते मुळात बौद्ध होते, असे त्यांनी मांडले. १९०७ पासून त्यांनी एक पैसा किमतीचे तमिळ साप्ताहिक चालवले. त्याच वर्षी मद्रासच्याच प्रा. लक्ष्मी नरसू यांचे 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' प्रसिद्ध झाले. १९४८ साली त्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. आपल्या घरांत बाबासाहेबांचे चरित्र असते, पण ही मद्रासची नावे मुलांना ठाऊक नसतात. आमच्या मुलांनाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिंडीला गांधी मंडपाच्या आवारात गेलो. तिथे अयोत्ती दासांचे स्मारक २०२३ साली झाले. त्याच आवारात रेट्टमलै श्रीनिवासन यांचेही स्मारक आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांबरोबर अस्पृश्यांचे दुसरे प्रतिनिधी होते ते हेच. बाबांनी दोन्ही ठिकाणी चपला काढून हात जोडले.

समुद्रकाठी परै

गिंडीहून बेझंटनगरचा समुद्र जवळ आहे. मुलांना समुद्र पाहायचा होता, म्हणून संध्याकाळी तिकडे वळलो. या किनाऱ्याच्या एका टोकाला ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. नावातले ऑल्कॉट तेच, अयोत्ती दासांना श्रीलंकेला नेणारे. २०१५ पासून काही वर्षे या वस्तीत एक निराळा संगीत महोत्सव भरला. सभांत गाणारे कलावंत इथे कोळ्यांच्या अंगणात गायले, आणि परै वाजवणारेही त्याच मंचावर आले.

परै म्हणजे काय, ते आम्हाला तिथे वाळूवर कळले. पंधरा-वीस तरुण मुले-मुली गोल करून वाद्य शिकत होती. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे, खांद्यावरून अडकवलेले, एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. बाबा लांबूनच थांबले. ते आपले डफडे होते. आकार थोडा वेगळा, पण डफडेच.

इथे घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबांचे वडील गावात डफडे वाजवीत. पोळ्याला, देवीच्या यात्रेला, पाटलाच्या घरच्या लग्नाला, दवंडीला आणि मयताला. वाजवायचे की नाही हे त्यांच्या हातात नव्हते. बोलावणे आले की उठायचे. मोबदला म्हणजे पायली-दोन पायली धान्य, नाहीतर पंगत उठल्यावर उरलेले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात, तेव्हाच्या चांद्यात, दीक्षा दिली. बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर त्या गर्दीत होते. गावी परतल्यावर वडिलांनी विळ्याने डफड्याचे कातडे चिरले. कडे फेकले नाही. ते पुढे किती तरी वर्षे घरात माठाखाली असे. पोळ्याला पाटलाचा माणूस बोलवायला आला तेव्हा त्याला ते दाखवले आणि सांगितले, वाद्य आता पाणी धरते. त्या वर्षी घराला धान्य मिळाले नाही. बाबा शाळेत गेले, पुढे मिलमध्ये लागले. घरात डफड्याचा विषय निघत नसे.

वाळूवर शिकवणारी मुलगी कॉलेजात शिकत होती. आमच्या मुलीशी ती इंग्रजीत बोलू लागली. तमिळमधल्या 'परै' या शब्दावरूनच परैयर हे जातीचे नाव आले आणि त्यातूनच इंग्रजांनी 'परिया' हा शब्द उचलला. आज जगभर बहिष्कृताला तोच शब्द लावतात. तिच्याही आजोबांनी परै वाजवणे सोडले होते. तामिळनाडूत कित्येक वस्त्यांनी मयताला आणि जत्रेला परै वाजवायला नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला. मग १९९० नंतरच्या काळात काही कार्यकर्त्यांनी विचार केला की दोष वाद्यात नाही, बोलावणाऱ्याच्या हुकमात आहे. त्यांनी परै पुन्हा हातात घेतली. दिंडिगलच्या शक्ती केंद्राने दलित मुलींना ती शिकवली, चेन्नईत तर बुद्धांच्या नावाने परै पथक निघाले. २०२५ साली वेलू आसान या परै वादकाला पद्मश्री मिळाली. "आमचा गट मयताला जात नाही," ती मुलगी म्हणाली. "मोर्च्याला जातो, शाळेत जातो, मंचावर जातो. आम्हाला वाटेल तिथे जातो."

मुलीने हे सगळे आबाजींना मराठीत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. तेवढ्यात एका मुलाच्या परैचा आवाज बसला. समुद्राच्या दमट हवेने कातडे सैल पडले होते. बाबा पुढे झाले, ते वाद्य हातात घेतले, अंगठ्याने कातडे दाबून पाहिले आणि म्हणाले, "ढिलं हाय. शेकाव लागते." भाषा कळली नाही, पण मुलांना अर्थ कळला. बाजूला गवताचा छोटा जाळ केलेलाच होता. बाबांनी ते जाळावर आडवे धरले, हळूहळू फिरवले, मधूनमधून बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकले. सत्तर वर्षांत त्यांनी हे केले नव्हते. हाताला मात्र सगळे ठाऊक होते. आवाज टणत्कारल्यावर त्यांनी वाद्य परत दिले. त्या मुलीने काठ्या पुढे केल्या. बाबांनी त्या घेतल्या नाहीत.

ते वाळूवर बसले. गटाने वाजवायला सुरुवात केली, आमची मुलगी त्यांच्यात शिरली, आणि बाबा मांडीवर ताल धरून बसले. सभेत मुलाला शिकवला तो आठ मात्रांचा ताल नव्हे, दुसराच.

रात्री खोलीवर मुलाने विचारलेच, "आबाजी, तुम्ही का नाही वाजवलं?" बाबा म्हणाले, "माह्या बापानं कातडं चिरलं थे बरोबर केलं. या पोरींनी पुन्हा चढवलं थेबी बरोबर हाय. पर मी बापाचा पोरगा ना बाप्पा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुले वाजवावंसं वाटलं तर वाजव. तुले कोनी बोलवाले नाही येनार."

आमच्या मनात आलेले

चेन्नई गाण्याचे शहर आहे यात शंका नाही. पण त्या गाण्याचे अनेक मजले आहेत. सभांच्या मजल्यावरही सगळ्यांना सहज जागा मिळाली नाही. एम. एस. सुब्बुलक्ष्मी देवदासी घराण्यात जन्मल्या. म्युझिक अकॅडमीचा संगीत कलानिधी हा मान १९६८ साली त्यांना मिळाला, तेव्हा तो मिळवणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. संस्था सुरू होऊन चाळीस वर्षे झाली होती. उत्तर चेन्नईच्या मजुरांच्या वस्त्यांत मयताच्या रात्री जन्मलेले 'गाना' हे गाणे तर बराच काळ कोणी संगीतात धरलेच नाही. २०२० पासून नीलम सांस्कृतिक केंद्राने त्याच मार्गळी महिन्यात लोकगीतांचा, गानाचा, परैचा स्वतंत्र उत्सव भरवायला सुरुवात केली. त्या केंद्रामागे चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आहेत. त्यांच्याच पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गाणाऱ्यांचा संच निघाला. त्याचे नाव अयोत्ती दासांच्या 'जातिहीन तमिळ' या कल्पनेवरून घेतलेले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वैद्याचा विचार आजच्या पोरांच्या गिटारीवर आला, याला म्हणतात चळवळ जिवंत असणे.

आपल्याकडे काही कमी नाही. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) हजारो गाणी, गावोगावच्या गायन पार्ट्या, जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गाणाऱ्या बाया. आपल्या लोकांनी डफडे खाली ठेवले, पण गाणे खाली ठेवले नाही. गाण्यातूनच बाबासाहेब न वाचता येणाऱ्या माणसापर्यंत पोचले. फरक एवढाच की तिकडच्या मुलांनी आजोबांचे वाद्य विचारून घेतले, त्यामागचे दुःखही विचारून घेतले. आमच्या घरात बारा वर्षांचा पोरगा ऐंशी वर्षांचा झाला, तरी आम्ही त्याला माठाखालच्या त्या कड्याबद्दल नीट विचारले नव्हते. ते विचारायला नऊशे किलोमीटर जावे लागले.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

डिसेंबरात गाड्यांना गर्दी असते, तिकिटे फार आधी काढावीत आणि म्हाताऱ्यांसाठी खालचे बर्थ मागावेत. सभागृहांत वातानुकूलनामुळे चांगलाच गारठा असतो, म्हाताऱ्यांना शाल असू द्यावी. शहराच्या साध्या बसमध्ये २०२१ पासून बायकांना तिकीट लागत नाही. आई आणि मुलगी त्यावर फार खूश होत्या. एग्मोरचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. बेझंटनगरच्या समुद्रात मुलांना उतरू देऊ नये, पाण्याला ओढ आहे. हिंदी सगळीकडे चालत नाही, मोडकेतोडके इंग्रजी आणि हातवारे चालतात. उपाहारगृहात केळीच्या पानावरचे जेवण पोटभर मिळते, फक्त आपल्या माणसाला तिखट कमी वाटते. पिशवीत ठेचा ठेवावा.

आणि शेवटचे. परत आल्यापासून आमची मुलगी रोज संध्याकाळी वही घेऊन आजीजवळ बसते. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, १४ एप्रिलची गाणी, आजीच्या आईने म्हटलेली, जी कुठल्या पुस्तकात नाहीत, ती सगळी ती उतरवून घेते. आतापर्यंत ४१ झाली. काही ओळी आईला आठवत नाहीत, तेव्हा ती शेजारच्या म्हाताऱ्यांना हाक मारते आणि वट्ट्यावर बायका जमतात. वाचक भगिनींनी आपापल्या घरी हे करावे. वही दहा रुपयांची मिळते. आजी मात्र पुन्हा मिळत नाही.